खाणीच्या अटी जमिनीवर वाचताना

मी मावळातल्या वडिवळ्याचा. नोकरीची बरीच वर्षं मात्र चंद्रपूर-वणीच्या कोळसा पट्ट्यात गेली, खाणींच्या पर्यावरण अटींची पाहणी करण्यात. मावळात कोळसा नाही. इथे काळा पाषाण फोडून खडी काढतात. पण 2012 साली दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दगडासारख्या गौण खनिजांच्या पाच हेक्टरांहून लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागू केली. त्यामुळे तिकडे शिकलेलं इकडेही कामाला येतं. ज्यांच्या शिवाराशेजारी खाण आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

1. आधी मंजुरीपत्र वाचा, मग खाणीत उतरा.
दोन खाणींच्या अटी सारख्या नसतात. प्रत्येक अटीपुढे मी एकच प्रश्न लिहितो : ही जागेवर कुठे दिसेल? ‘वरची सुपीक माती वेगळी साठवावी’ असं असेल तर तो ढीग दाखवा म्हणायचं. त्यावर गवत धरलंय का, की ती माती मुरमाखाली गाडली गेली, हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं.

2. पाहणी पावसाळ्यात करा.
कोळशाच्या वरचा माती-दगडाचा थर काढून रचतात, त्याला खाणीवर ‘ओबी’ म्हणतात. कोळसा खाणींच्या मंजुरीपत्रात या ढिगाऱ्याचा उतार 28 अंशांपेक्षा जास्त नको, अशी अट सहसा असते. वैशाखात निमूट उभा असलेला ढिगारा आषाढात खचतो आणि त्याची माती नाल्यात येते. म्हणून ढिगाऱ्याभोवती चर आणि पुढे गाळ बसवण्याचं तळं लागतं. असं तळं पाहिलं की मी काठावरून बांबू खुपसतो. एका खाणीत वीतभर पाणी लागलं आणि खाली बांबू रुतत गेला, नुसता गाळ. तळं नकाशावर होतं, पण पाणी त्यावरून तसंच गढूळ पुढे जात होतं. कोळसा खाणीतून बाहेर सोडलेल्या पाण्यात तरंगणारा गाळ लिटरला 100 मिलिग्रॅमच्या आत हवा. नमुना बाहेर पडण्याच्या तोंडाशीच घ्यावा, पाऊस चालू असताना.

3. धुळीचा आकडा कुठे घेतला ते विचारा.
खडी क्रशरसाठी मर्यादा घनमीटरला 600 मायक्रोग्रॅम आहे, तीही यंत्रापासून 3 ते 10 मीटरवर. वस्तीतल्या हवेला ती लावायची नाही; तिथे पीएम 10 या बारीक धूलिकणांची चोवीस तासांची मर्यादा 100 आहे. धूळ मोजायचं यंत्र वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवलं तर आकडा छानच येणार. म्हणून मी रस्त्याकडेची झाडं बघतो. चंद्रपूरकडे कोळशाच्या रस्त्यालगतचा कापूस वेचतानाच काळा पडलेला असतो आणि शेतकऱ्याला भाव कमी मिळतो. तो कापूस हातात घेऊन मग अहवालातला आकडा वाचावा.

4. सुरुंगाचे हादरे मोजता येतात.
खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या 1997 च्या परिपत्रकात घरांसाठी हादऱ्याच्या मर्यादा ठरवल्या आहेत. कमी वारंवारितेच्या हादऱ्याला गावातल्या साध्या घरासाठी ती सेकंदाला 5 मिलिमीटर आहे, ऐतिहासिक वास्तूसाठी 2. कार्ले, भाजे, बेडशाची लेणी ज्या तालुक्यात आहेत, तिथे हा दुसरा आकडा प्रत्येक ग्रामपंचायतीला पाठ हवा.

5. विहिरीचं बाईमाणसाला विचारा.
भूजल मोजायला खाणीभोवती पिझोमीटर असतात, त्यांच्या नोंदी बघाव्यातच. पण कोणती विहीर पूर्वी होळीपर्यंत पुरायची आणि आता संक्रांतीलाच तळ दाखवते, हे पाणी शेंदणाऱ्या बाया नेमकं सांगतात. त्यांचं म्हणणं तारखेसह लिहून घ्या आणि पिझोमीटरच्या वहीशेजारी ठेवा. फरक दिसला तर चौकशी तिथून सुरू होते.

6. कागद मागणं हा गावाचा हक्क आहे.
2006 च्या अधिसूचनेप्रमाणे खाणचालकाने दरवर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला अनुपालन अहवाल द्यायचा असतो, आणि तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. मंजुरीपत्राची प्रत पंचायतीलाही द्यायची असते. लागोपाठचे दोन अहवाल शेजारी ठेवून वाचा. उन्हाळा, पावसाळा, दोन्हीकडे आकडे तेच असतील किंवा लावलेल्या झाडांतलं एकही मेलं नसेल, तर जागेवर जाऊन मोजणी करा.

7. त्रुटी नेमकी लिहा.
‘अंशतः पूर्तता’ एवढं लिहिलेल्या अहवालावर कुणी हलत नाही. अट क्रमांक, जागा, तारीख, फोटो, काय करायला हवं आणि कधीपर्यंत, हे सगळं लिहा. तक्रारही तशीच द्यावी, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या नागपूर कार्यालयाला.

वडिवळ्याच्या धरणाचं पाणी पुढे इंद्रायणीला जातं. वरच्या डोंगरात ढिगारा नीट रचला नाही, तर त्याचा गाळ खालच्या गावांच्या वाट्याला येतो. पर्यावरण मंजुरीतली प्रत्येक अट म्हणजे सरकारच्या साक्षीने खाणचालकाने त्या गावांना दिलेला शब्द आहे. अधिकारी वर्षातून एखादा दिवस येतो. बाकीचे दिवस पाहणी गावानेच करायची आहे. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत मंजुरीपत्राचं जाहीर वाचन ठेवा, अट क्रमांक एकपासून.