कॅमेरा घ्यायचाय? आधी अंतर मोजा

हॉस्टेलवर कोणी कॅमेरा घ्यायचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला, "किती मेगापिक्सेल?" खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. ४ × ६ इंचाचा फोटो ३०० डीपीआयने छापायला १८०० × १२०० पिक्सेल, म्हणजे जेमतेम २.२ मेगापिक्सेल पुरतात. साध्या फोनमध्येही याहून जास्त असतात. आधी हे ठरवा : फोटो कशाचा काढायचाय, आणि ती वस्तू किती लांब असणार?

आमच्या लासलगावचंच उदाहरण घेऊ. मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव चालू आहे, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली आहे आणि तुम्ही गर्दीत, अगदी जवळ उभे आहात. इथे जास्तीत जास्त दृश्य मावेल अशी लेन्स लागते, आणि ती फोनला असतेच. एवढ्यासाठी वेगळ्या कॅमेऱ्यावर एक रुपयाही घालवू नका. उलट यार्डात धूळ आणि टरफलं इतकी उडतात की तिथे लेन्स बदलली तर सेन्सरवर कचरा बसलाच म्हणून समजा. फक्त रंग सांभाळा. निळ्या ताडपत्रीखाली लाल कांदा जांभळट दिसतो, तेव्हा पांढरा कागद धरून व्हाइट बॅलन्स सेट करा.

आता आपल्याच निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर घ्या. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात, तिथल्या बंधाऱ्यामुळे तयार झालेली ही पाणथळ जागा २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरली. हिवाळ्यात इथे पक्ष्यांची नुसती जत्रा असते. पण फोन इथे हात टेकतो. का, ते बारावीचं ऑप्टिक्स सांगतं (सर, कुठेतरी उपयोग झाला बरं का!) :

सेन्सरवरची प्रतिमा = फोकल लेंग्थ × वस्तूची उंची ÷ अंतर

चित्रबलाक साधारण १ मीटर उंच, अंतर १०० मीटर धरू. फोनच्या मुख्य लेन्सची खरी फोकल लेंग्थ ६ मिमीच्या आसपास असते, म्हणजे पक्षी उमटतो ०.०६ मिमीचा! १२ मेगापिक्सेलच्या फोटोत त्याच्या वाट्याला पंचवीस-तीस पिक्सेल येतात. डिजिटल झूम तेवढेच पिक्सेल ताणून दाखवतो, नवीन काही देत नाही. महागड्या फोनच्या ५ पट टेलिफोटोने ते सव्वाशे-दीडशे होतील. याउलट ३०० मिमीची लेन्स लावली तर प्रतिमा ३ मिमीची होते. एपीएस-सी सेन्सरची उंची साधारण १५.६ मिमी, तेव्हा २४ मेगापिक्सेलमध्ये पक्ष्याला जवळपास ७७० पिक्सेल मिळतात. चोच, पिसं सगळं दिसतं. उडता पक्षी हवा असेल तर शटर स्पीड १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा.

खिशाचं काय? सेकंडहँड डीएसएलआर बघा. शटर काउंट विचारा, लेन्समधून टॉर्च मारून बुरशी तपासा. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकस मोटर नसते, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्स त्यांवर ऑटोफोकस करत नाहीत. स्वस्त मिळाली म्हणून उचलू नका. आणि टेलिलेन्स काही रोज लागत नाही. विंगमधल्या तिघाचौघांनी एकाच माउंटच्या बॉडी घेतल्या, तर ७०-३०० एकच पुरते, वर्गणी काढून.