गल्ला आणि रोप : लाकूडतोडीच्या खेळातून भांडवलाचा धडा

धंद्यात नवे उतरलेले तरुण बहुधा एकाच ठिकाणी फसतात. गल्ल्यात आलेली सगळी रक्कम ते नफा समजतात. मुद्दल राखण्याचा हा धडा 'माइनक्राफ्ट' या संगणकावरील खेळात फार चांगला शिकता येतो. स्वीडनच्या मोजांग कंपनीने तो २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात बाजारात आणला. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली.

खेळाडू रिकाम्या हाताने रानात उतरतो. त्याचा पहिला कच्चा माल लाकूड. एका ओंडक्याच्या ४ फळ्या होतात आणि २ फळ्यांच्या ४ काठ्या. त्यातून कुऱ्हाड, पेटी, दार, घर उभे राहते. नवशिका घाईघाईने जवळची सगळी झाडे तोडतो. मग लाकडासाठी त्याला रोज लांब जावे लागते. शहाणा खेळाडू काय करतो ते पाहू.

१) मुद्दल : झाड अर्धवट तोडू नये. सर्व ओंडके काढले की पाने आपोआप गळतात आणि त्यांतून रोपे पडतात. ओकच्या सरासरी २० पानांमागे १ रोप मिळते. पडलेले रोप ५ मिनिटांत उचलले नाही, तर नाहीसे होते. शेंड्याचा ओंडका तसाच ठेवला, तर पाने लटकत राहतात आणि रोपे हाती येत नाहीत.

२) लागवड : रोपाला माती, उजेड आणि वर मोकळी जागा हवी. जवळ मशाल लावली, तर वाढ रात्रीही चालू राहते. हाडांच्या चुऱ्याचे खत घातल्यास झाड लवकर होते. स्प्रूसची ४ रोपे चौकोनात लावली, तर एकच प्रचंड झाड उभे राहते. मात्र त्यासाठी आधी ४ रोपे शिल्लक हवीत.

३) इंधन : ८ ओंडके भट्टीत तसेच जाळले, तर १२ नग भाजून निघतात. त्यांच्या फळ्या करून जाळल्यास ४८. आणि लोणारी कोळसा केला तर? ८ ओंडक्यांचे ८ कोळसे होतात. त्यासाठी जाळलेला १ कोळसा वजा केला की ७ उरतात. एका कोळशावर ८ नग निघतात, म्हणजे एकूण ५६. माल तोच, पण प्रक्रियेने किंमत वाढली.

४) विक्री : गावातला बाण करणारा कारागीर ३२ काठ्यांना १ पाचू देतो. म्हणजे ४ ओंडक्यांचा १ पाचू. पण १६ सौद्यांनंतर तो खरेदी थांबवतो. पुन्हा आपल्या मेजावर काम केल्यावरच सौदा सुरू होतो. एकाच गिऱ्हाइकावर विसंबलेल्याचा माल पडून राहतो.

आता आपल्या दुकानाकडे वळू. समजा, दिवसाची विक्री १,००० रुपये झाली आणि त्या मालाची खरेदी ८०० रुपयांची होती. तर ते ८०० रुपये म्हणजे रोप. ते उद्याच्या मालासाठी पुन्हा लावायचे. उरलेल्या २०० मधून भाडे, वीज, हमाली वजा जाता जे राहील, तेच घरी न्यायचे. आज रात्री दुकान बंद करताना वहीत हे तीन रकाने आखा : मुद्दल, खर्च, नफा. पहिल्या रकान्याला हात लावण्याची वेळ आली, तर समजा की आपण रोपेच जाळू लागलो आहोत.