आम्ही आणि आपण



रविवारी सकाळी तुम्ही मुलाला शाळेच्या दारात सोडता, "बाय बेटा, हॅव फन!" म्हणता आणि गाडीकडे वळता. आत येताच मी त्याला विचारते, "काय रे, आज काय खाऊन आलास?" तो सांगतो, "पोहे. मॉम मेड इट." प्रश्न पूर्ण कळलेला असतो, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. न्यू जर्सीतल्या आपल्या या मराठी शाळेत असं एक नाही, निम्मी मुलं बोलतात. का, ते एका मुलीमुळे माझ्या लक्षात आलं.

तिची आजी साताऱ्याहून आली होती. जेवताना ही उत्साहानं म्हणाली, "आजी, उद्या आम्ही झूमध्ये जाणार आहोत!" आजी म्हणाली, "अगं, मग मी काय घर राखू?" सगळे खो खो हसले. मुलीला कळेना, आपलं चुकलं काय. इंग्रजीत 'वुई' एकच. मराठीत मात्र समोरच्याला सोबत धरलं तर 'आपण', वगळलं तर 'आम्ही'. त्या दिवसापासून ती आजीशीही इंग्रजीतच बोलू लागली. तिच्या आईनं हे मला गंमत म्हणून सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

लिंगांचंही तसंच. तो पाऊस, ती सर, ते पाणी. आभाळातून पडतं एकच, पण त्याची तीन लिंगं. तुम्ही-आम्ही हे कुठल्या तक्त्यावरून शिकलो? हजारदा कानावर पडलं म्हणून आलं. माझ्या हातात आठवड्याला दीड तास, वर्षाचे तीस रविवार, म्हणजे अवघे ४५ तास. तेवढ्यात मी बाराखडी घोटून घेईन, 'ळ' वळवून घेईन, 'चहा' आणि 'चमचा' यांतला 'च' वेगळा काढून दाखवीन. 'ती सर' मात्र तुमच्या स्वयंपाकघरातच यायची.

म्हणून दोनच गोष्टी मागते. पहिली, मुलाच्या मराठीला हसू नका आणि पाहुण्यांसमोर 'परत म्हणून दाखव' असं तर मुळीच म्हणू नका. दुसरी, चूक काढू नका, उत्तर द्या. तो म्हणाला, "माझा पुस्तक कुठे आहे?" तर म्हणा, "तुझं पुस्तक ना? ते बघ, सोफ्यावर." दुरुस्ती झाली आणि त्याला टोचलंही नाही. घरात एकजण तमिळ किंवा गुजराती बोलणारं असेल, तर दिवसभराचा हट्ट नको. रात्रीचं जेवण किंवा गाडीतला वेळ, एवढाच मराठीचा ठरवा, पण तो मोडू नका.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पेढ्यांचे फोटो आले. आनंद मलाही झाला. पण त्या रात्री आपल्या किती घरांत मुलांनी 'अजून एक पोळी वाढ' असं म्हटलं असेल?

येत्या रविवारी दारात सोडताना एवढंच म्हणा, "नीट बस हं, घ्यायला येते." पुढचा दीड तास मी बघते.