प्रत्येक खात्याला प्रत्येक सर्व्हर नको

वर्सोव्यातल्या एका पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओत मी सर्व्हर सांभाळायचो. या धंद्यात माणसं प्रोजेक्टपुरती येतात आणि जातात. त्यामुळे सगळ्यांची खाती एलडॅपवर, एकाच जागी. एकदा नाव घातलं की कुठल्याही लिनक्स मशीनवर लॉगिन. सोय मोठी, आणि धोकाही त्याच सोयीत.

डिलिव्हरीच्या आदल्या रात्री एका फ्रीलान्सरला रेंडर फार्मवर जागा मिळेना. एसएसएचने तो थेट स्टोरेज सर्व्हरवर गेला आणि रेंडर तिथेच लावला. खातं त्याचं, पासवर्ड त्याचा, हेतू काम उरकण्याचा. सर्व्हरची मेमरी संपली, कर्नल प्रोसेस मारू लागला. सगळ्यांची होम फोल्डरं एनएफएसवर तिथूनच येत असल्याने एकूण एक मशीन अडकलं. त्या पोराला दोष देणं मला आजही पटत नाही. त्याला कुठे जाता येऊ नये, हे कुठल्याच फाइलमध्ये लिहिलेलं नव्हतं.

माणूस कोण, हे एलडॅप सांगतं. त्याचं या मशीनवर काय काम, हे त्या त्या मशीनला सांगावं लागतं. एनएफएसवरच्या फाइली वापरायला स्टोरेजवर लॉगिन लागतच नाही. म्हणून तिथे एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये ‘अलाऊग्रुप्स’ लिहून फक्त अ‍ॅडमिनचा गट ठेवा. कन्सोलसारख्या बाकीच्या वाटांसाठी ‘पॅम अ‍ॅक्सेस’ लावा. त्याच्या फाइलमध्ये वरून पहिली जुळणारी ओळ लागू होते, तेव्हा सरसकट मनाईची ओळ शेवटी लिहा. रूट आणि क्रॉनला तिच्याआधी परवानगी द्या, नाहीतर रात्रीचा बॅकअप कुणाच्या लक्षात न येता थांबतो. हे करताना एक रूट सेशन उघडं ठेवा आणि दुसऱ्या खिडकीतून लॉगिन होतंय हे पाहिल्यावरच ते बंद करा.

काम संपवून गेलेल्याचा नुसता पासवर्ड लॉक करून भागत नाही. एसएसएच-की असेल तर तो तरीही आत येऊ शकतो. खात्याची मुदत संपवा, एसएसएच-की काढून टाका, त्याच्या चालू प्रोसेस आणि क्रॉनच्या नोंदीही तपासा. लॉग जपा, सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार ते १८० दिवस ठेवावेच लागतात.

या आठवड्यात एखाद्या साध्या खात्याने तुमच्या स्टोरेज सर्व्हरवर लॉगिन करून पाहा. झालं, तर पुढचं प्रोजेक्ट सुरू होण्याआधी ते बंद करा.