मिरवणूक : कोणाची आणि कशासाठी?



मुंबईतील एका वस्तीत दर रविवारी संध्याकाळी धम्मवर्ग चालतो. मागच्या खेपेस तेथे वंदना आटोपल्यावर एक भगिनी उभ्या राहिल्या. त्यांच्या कुटुंबाने दीक्षा घेऊन जेमतेम वर्ष झाले आहे. त्या म्हणाल्या, "सर, आम्ही देव्हारा उतरवला. घरचा गणपती बंद केला. आता १४ एप्रिल आली. शेजारीण म्हणते, तुमचा फोटो बदलला, पण गाडी तीच, ढोल तेच आणि नाचणारी पोरंही तीच. मग तुमचं बदललं काय? माझा थोरला तर आत्तापासून मंडळात रात्र रात्र बसतो. त्याला मिरवणुकीत पाठवू की घरी ठेवू?"

मला त्यांना चटकन उत्तर देता आले नाही. "जाऊ द्या" म्हणावे तर शेजारणीचा टोमणा खरा ठरतो. "ठेवा घरी" म्हणावे, तर ज्या रस्त्यासाठी आपल्या आजोबा-पणजोबांनी डोकी फोडून घेतली तो रस्ता आपण होऊन सोडल्यासारखे होते. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी हाच प्रश्न असेल, म्हणून आजचा पाठ या विषयावर घेत आहे.

प्रथम रस्त्याचा विचार करू. रस्ता सर्वांचा असतो, असे शाळेच्या पुस्तकात आम्ही शिकवतो. आपल्या पूर्वजांसाठी तो तसा नव्हता. पेशवाईत पुण्याच्या रस्त्याने चालताना अस्पृश्याला कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधावे लागे, असे परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ सालच्या जातिनिर्मूलनावरील आपल्या निबंधात लिहिले आहे. पावलाचा ठसा पुसत चालायचे आणि थुंकीसुद्धा जमिनीवर पडू द्यायची नाही! अशा माणसांनी एके दिवशी रांगेने, मान ताठ ठेवून भर बाजारातून चालायचे ठरवले, तर ते चालणे हीच मोठी क्रांती होती.

२० मार्च १९२७ रोजी महाडला हेच घडले. परिषदेच्या मंडपातून निघून लोक गावातून मिरवणुकीने चवदार तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले, मग इतरांनी घेतले. पुढे वीरेश्वराच्या देवळात हे लोक शिरणार अशी अफवा उठवून सनातन्यांनी परतणाऱ्या माणसांवर लाठ्या चालवल्या. आपल्या लोकांत पलटणीतून निवृत्त झालेले कित्येक धट्टेकट्टे गडी होते. शब्द मिळाला असता तर त्यांनी हिशेब जागच्या जागी चुकता केला असता. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही, आणि लोकांनी हात आवरले. मला पाणी पिण्याइतकीच ही गोष्टही मोठी वाटते.

नाशिकची २ मार्च १९३० ची मिरवणूक तर प्रत्येक मंडळाच्या कार्यकर्त्याने अभ्यासावी अशी आहे. सुमारे पंधरा हजार माणसे, चार-चारांची ओळ, जवळजवळ मैलभर लांब रांग. अग्रभागी लष्करी चालीवर वाजणारा बँड होता आणि शेकडो स्त्रिया सामील होत्या. रांग काळाराम मंदिराशी पोचली तेव्हा दरवाजे बंद केलेले होते. तेव्हा ती तशीच वळून गोदावरीच्या घाटावर गेली आणि तेथे सभा झाली. वाद्य होते, हे ध्यानात घ्या. वाद्याचे आपल्याला वावडे नाही. मात्र त्या दिवशी वाद्य पावलांना ताल देत होते.

दीक्षेनंतरची आपल्या समाजाची मुंबईतील पहिली अफाट मिरवणूक ही दुःखाची होती. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या राजगृहापासून चौपाटीपर्यंत लाखो माणसे बाबासाहेबांच्या पार्थिवामागून चालली. नागपूरच्या सोहळ्याला दोन महिनेही झाले नव्हते आणि मुंबईत त्याच महिन्यात दीक्षा व्हायची होती. ती राहून गेली असे लोकांनी होऊ दिले नाही. चितेपाशीच भदंत आनंद कौसल्यायन यांनी हजारोंना दीक्षा दिली. रडत आलेली माणसे बौद्ध होऊन घरी परतली. आज चैत्यभूमीच्या रांगेत तुम्ही लहान मूल कडेवर घेऊन तासन् तास उभे राहता, ती रांग त्याच मिरवणुकीची पुढची टोकाची माणसे आहेत असे मी मानतो. आणि हे चालणे फुकट मिळालेले नाही. १० जानेवारी १९७४ रोजी वरळीच्या दंगलीनंतर निघालेल्या पँथरच्या मोर्चावर इमारतीवरून दगड टाकण्यात आला आणि भागवत जाधव हा तरुण ठार झाला.

आता धम्म काय सांगतो ते पाहू. 'सिगालोवाद सुत्त' हा गृहस्थाचा विनय मानला जातो. ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या सिगालाला तथागतांनी राजगृहापाशी हा उपदेश केला. धनाचा नाश करणाऱ्या सहा वाटा त्यात सांगितल्या आहेत. मद्यपान, अवेळी रस्त्यावर भटकणे आणि खेळतमाशांचा नाद या त्यांतील पहिल्या तीन. (जुगार, कुसंगत आणि आळस या उरलेल्या.) अवेळी भटकणारा स्वतः असुरक्षित असतो, त्याची बायकामुले असुरक्षित असतात आणि कोणी केलेला गुन्हा त्याच्यावर शेकतो, असे भगवान म्हणतात. वस्तीत वाढलेल्या कोणत्याही आईला हे समजावून सांगावे लागत नाही. पोलिसांची गाडी आली की ती कोणाच्या पोराला उचलते, हे तिला ठाऊक असते.

म्हणजे मिरवणूक वर्ज्य आहे काय? नाही. सम्राट अशोकाने याचा फार सुंदर उलगडा केला आहे. त्या काळी जत्रा-मेळाव्याला 'समाज' म्हणत. आपल्या पहिल्या शिलालेखात अशोक म्हणतो की, अशा समाजात पुष्कळ दोष आहेत, तरी काही समाज चांगलेही आहेत. चौथ्या शिलालेखात युद्धाच्या भेरीच्या जागी धम्माचा घोष आला असे तो सांगतो आणि त्याच लेखात लोकांना हत्ती, विमाने व अग्नीचे देखावे दाखवल्याचाही उल्लेख आहे. आठव्यात तो लिहितो की, पूर्वीचे राजे शिकारीच्या, मौजेच्या विहारयात्रांना जात. आपण राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. त्या यात्रेत काय करायचे? श्रमण-ब्राह्मणांना दान द्यायचे, वृद्धांना धन द्यायचे, खेड्यापाड्यांतील लोकांना भेटायचे आणि त्यांच्याशी धम्माची चर्चा करायची. राजा यात्रा बंद करीत नाही, तिचे काम बदलतो.

त्या भगिनींना मी आता असे सांगेन : ताई, मुलाला जरूर पाठवा, आणि तुम्हीही जा. घरात कोंडलेला मुलगा धम्म शिकत नाही. तो नाचला तर फार रागावूही नका. ज्यांच्या नवरदेवाला घोड्यावर बसू दिले जात नसे, त्यांची मुले भर रस्त्यात आनंदाने उड्या मारतात, हे पाहून मला तरी लाज वाटत नाही. लाज वाटते ती गाडीमागे अंधारात फिरणाऱ्या बाटलीची. पंचशील घेऊन दुपारी हात जोडायचे आणि रात्री पाचवे शील गटारात टाकायचे, तेही बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर! येथे शेजारणीचे म्हणणे आपण मान्यच केले पाहिजे. डॉल्बीच्या भिंतीचेही तसेच. भाड्यापोटी मंडळाची निम्मी वर्गणी जाते, म्हाताऱ्यांची छाती धडधडते, आणि वार्षिक परीक्षेच्या दिवसांत माझ्या वर्गातली मुले बाकावर डोके टेकून झोपतात. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, असा २००० सालापासून कायदा आहे. ज्याने देशाला संविधान दिले त्याच्या जयंतीला आपण तो मोडावा काय?

पण हे बोलायचे असेल तर मंडळाच्या बैठकीत जाऊन बोला. बायका बैठकीला जात नाहीत, म्हणून पोरे आपल्या मनाचे करतात. नाशिकला शेकडो स्त्रिया रांगेत होत्या, हे तेथे सांगा. डॉल्बीचे पैसे वाचवून वह्या-पुस्तके वाटता येतील, हेही सांगा. एका बैठकीत कोणी ऐकणार नाही. दुसऱ्या बैठकीलाही जा. जयंतीच्या दिवशी निघण्यापूर्वी सर्वांनी घरी बसून त्रिसरण-पंचशील घ्या आणि लहान मुलांना महाडची गोष्ट सांगा. मिरवणूक दारावरून जाईल तेव्हा पाण्याची कळशी भरून ठेवा. पाणी देताना कोण कुठल्या जातीचा हे विचारू नका.

आणखी एक. अशोकाच्या ज्या आठव्या लेखात धम्मयात्रेची हकीगत आहे, त्याचा एक तुकडा आपल्या मुंबईजवळच सापडला आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तो नालासोपाऱ्यात मिळाला. आता तो मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. शाळेला सुट्टी लागली की मुलांना घेऊन जा, थोरल्यालाही न्या. अक्षरे ब्राह्मी आहेत, वाचता येणार नाहीत. वर्गात आलात तर त्यातली दोन-चार मी शिकवीन.