सौर उपकरणांसाठी पुन्हा जुळणारा फ्यूज : निवड कशी करावी?

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या वेशीवरील मोहर्ली परिसरात रानडुकरांपासून पिके राखणे हा शेतकऱ्यांपुढील नित्याचा प्रश्न होय. २०१५ साली सुरू झालेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाचाही समावेश झाला. सौर कुंपण, सौर दिवा किंवा टाकीतील पाण्याची पातळी दर्शविणारे यंत्र यांतील इलेक्ट्रॉनिक भाग अत्यल्प विद्युतप्रवाहावर चालतो. एवढ्याशा दोषाने तो बंद पडला तर शेतकऱ्याला रात्री जागलीसाठी वाघाच्या वाटेवर जावे लागते. म्हणून फ्यूजसारख्या लहान वस्तूची निवडही विचारपूर्वक झाली पाहिजे.

कार्य कसे चालते?

साध्या फ्यूजमधील तार एकदा वितळली की तो बदलावा लागतो. पुन्हा जुळणाऱ्या फ्यूजमध्ये प्लास्टिकसदृश बहुवारिकात कार्बनचे सूक्ष्म कण मिसळलेले असतात. प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला की बहुवारिक तापून प्रसरण पावते, कणांची साखळी तुटते आणि रोध अनेक पटींनी वाढतो. पुरवठा तोडून फ्यूज थंड होऊ दिला म्हणजे मार्ग पुन्हा खुला होतो. पुरवठा चालूच असेल तर थोडा प्रवाह वाहत राहून फ्यूज तापलेलाच राहतो, हे ध्यानात ठेवावे.

उष्णतेचा हिशेब

फ्यूजच्या माहितीपत्रकात दोन प्रवाहांची नोंद असते. ज्या प्रवाहापर्यंत तो खात्रीने चालू राहतो तो पहिला, आणि ज्या प्रवाहाला तो खात्रीने बंद होतो तो दुसरा. दुसरा बहुधा पहिल्याच्या सुमारे दुप्पट असतो. परंतु हे आकडे २० ते २५ अंश सेल्सिअस तपमानाचे असतात. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि उन्हातील बंद पेटीत ६० अंशांची अपेक्षा धरणे योग्य ठरते. त्या तपमानाला फ्यूजची क्षमता सुमारे ६० टक्क्यांवर येते.

समजा, मंडलाला ६० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. ६० ला ०.६ ने भागल्यास १०० येतात. म्हणजे १०० मिलिअँपिअरचा फ्यूज अगदी काठावर राहील, तेव्हा त्याच्या वरच्या मापाचा, उदाहरणार्थ १७० मिलिअँपिअरचा, फ्यूज घ्यावा. मात्र फार मोठा फ्यूज घेतल्यास लहान दोष त्याला जाणवणार नाही.

रोध आणि दाब

कमी प्रवाहाच्या फ्यूजचा स्वतःचा रोध अधिक असतो आणि एकदा बंद पडून जुळल्यावर तो आणखी वाढतो. रोध ८ ओहम धरल्यास ६० मिलिअँपिअरला सुमारे अर्धा व्होल्ट खर्ची पडतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवर हे चालते, ३.३ व्होल्टच्या मंडलात चालत नाही. फ्यूजचा कमाल दाब पुरवठ्याहून अधिक असावा. बॅटरीतून शॉर्टसर्किटच्या वेळी येणारा प्रवाहही फ्यूजच्या कमाल मर्यादेत हवा. मोठी बॅटरी शेकडो अँपिअर देऊ शकते, म्हणून बॅटरीजवळ साधा फ्यूज वेगळा ठेवावाच.

मर्यादा

हा फ्यूज तापूनच काम करतो, त्यामुळे तो क्षणार्धात बंद होत नाही. विजेच्या कडकडाटापासून तो रक्षण करीत नाही. तो वारंवार बंद पडत असेल तर ती दोषाची सूचना समजावी आणि तारा, ओल व जोडण्या तपासाव्यात. घरगुती वीज थेट कुंपणात सोडणे बेकायदेशीर असून माणूस व वन्यप्राणी दोघांनाही प्राणघातक आहे. कोणताही फ्यूज त्यास सुरक्षित करू शकत नाही.

ग्रामपंचायतींनी खरेदीच्या वेळी पुरवठादाराकडून फ्यूजचा तपमान-तक्ता मागून घ्यावा. पेटी सावलीत बसवावी. शाळांतील विज्ञान शिक्षकांनी उपरोक्त हिशेब विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास गावातच उपकरणांची देखभाल जाणणारी पिढी तयार होईल.