आधी स्वतःची फाईल वाच

बाळा, तुझ्या ग्रीन कार्डाला पाच वर्षं होत आली आणि घरात नागरिकत्वाच्या अर्जाची बोलणी सुरू झाली आहेत, असं वहिनी फोनवर म्हणाली. अर्ज पाठवण्याआधी आत्याचं थोडं ऐकून घे. मी वकील नाही. पण न्यू जर्सीतल्या आपल्या माणसांचे फॉर्म भरून देण्यात आणि दाखल्यांची भाषांतरं करण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे घोडं कुठे पेंड खातं ते मला ठाऊक आहे. पैशांवाचून कुणाचं अडलेलं मी फारसं पाहिलं नाही, इंग्रजीवाचूनही नाही. अडतं ते फार पूर्वी कुणाच्या तरी सांगण्यावरून दिलेल्या एका खोट्या उत्तरापाशी. आणि त्याहून वाईट अडतं ते उत्तर झाकायला दिलेल्या दुसऱ्या खोट्या उत्तरापाशी.

नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात एक प्रश्न असा आहे: तुम्ही कधीही अमेरिकी सरकारी अधिकाऱ्याला खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती अथवा कागद दिला आहे का? यातला ‘कधीही’ हा शब्द तिथे ठळक मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, आणि त्याचा अर्थ खरोखरच कधीही असा घ्यायचा. मागच्या पाच वर्षांपुरता तो नाही. अधिकाऱ्यासमोर तुझी आजवरची सगळी फाईल असते. ग्रीन कार्डासाठी दिलेले कागद तिच्यात असतात आणि मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये व्हिसासाठी भरलेल्या अर्जांपर्यंतही त्याचा हात पोचतो. तू जे विसरलास ते तिथे तारखेसकट लिहिलेलं असतं.

कायदा काय म्हणतो ते नीट समजून घे, कारण लोक उगाच घाबरतात किंवा उगाच निर्धास्त राहतात. व्हिसा, प्रवेश किंवा ग्रीन कार्ड मिळवण्यासाठी जाणूनबुजून, निर्णयावर परिणाम होईल अशी खोटी माहिती दिली, तर त्या माणसाला अमेरिकेची दारं जन्मभरासाठी बंद होऊ शकतात. यात ‘जाणूनबुजून’ आणि ‘परिणाम होईल अशी’ या दोन्ही गोष्टी लागतात. नोकरी सोडल्याची तारीख आठवणीनं लिहिली आणि महिन्याभराची चूक झाली, तर तो गुन्हा ठरत नाही. पण ‘एजंटनं भरलं, मी वाचलंच नाही’ या सबबीला जवळजवळ काही किंमत नाही. व्हिसाचा डीएस-१६० अर्ज दुसऱ्यानं भरून दिला तरी त्यावरची सही, म्हणजे शेवटचं ते बटण, अर्जदारानं स्वतः दाबायचं असतं. अर्ज भरायला कुणी मदत केली का, हेही तिथे विचारलेलं असतं.

आता आपल्या घरांत वरचेवर दिसणारं प्रकरण सांगते. वडील ग्रीन कार्डधारक. त्यांनी एकवीस वर्षांवरच्या अविवाहित मुलासाठी ग्रीन कार्डाचं पिटिशन भरलेलं. रांग वर्षानुवर्षांची. मुलगा तिशीला येतो, इकडे आजी म्हणते डोळे मिटायच्या आत सून बघू दे, आणि गावी लग्न लागतं. ग्रीन कार्डधारकाच्या विवाहित मुलासाठी कायद्यात कप्पाच नाही, त्यामुळे लग्न लागलं त्या दिवशी ते पिटिशन आपोआप संपतं. हे घरात एखाद्याला माहीतही असतं. मग ठरतं की सांगायचं नाही. मुलगा मुलाखतीत ‘अविवाहित’ म्हणतो, व्हिसा घेतो, येतो. काही घरांत तर व्हिसा हातात पडल्यावर आणि विमानात बसण्याच्या आधी लग्न उरकतात. त्यांना वाटतं व्हिसा मिळाला तेव्हा आपण अविवाहितच होतो, म्हणजे खोटं काहीच बोललो नाही. पण विमानतळावर प्रवेश घेतानाही अविवाहित असावं लागतं.

मग बायकोला आणायची वेळ येते. लग्नाच्या दाखल्यावर तारीख असते, आणि ती तारीख प्रवेशाच्या आधीची असते. इथे माणूस दुसरी चूक करतो आणि मला तिचंच जास्त वाईट वाटतं. नवी तारीख घालून विवाह नोंदणी करायची. भटजींची सही मिळते, साक्षीदार मिळतात, लग्नपत्रिकाही नव्यानं छापून होते. पुढे मुंबईत ती मुलगी एकटी खिडकीपाशी उभी राहते. अधिकारी लग्नाचे फोटो मागतो, तारीख विचारतो, तिच्या पासपोर्टावर नवऱ्याचं नाव कधी चढलं ते पाहतो. कधी कडेवर मूल असतं आणि त्याच्या जन्माच्या दाखल्याची तारीख सगळं सांगून टाकते. खोटं नवऱ्याचं, त्याच्या वडिलांचं, साऱ्या घराचं. आणि उत्तरं द्यायची त्या पोरीनं.

यातलं सगळ्यात हळहळण्यासारखं असं की पहिल्या खोट्यावर कायद्यात वाट आहे. असा माणूस हद्दपारीच्या खटल्यात न्यायाधीशापुढे उभा राहिला आणि त्याचे आईवडील, जोडीदार किंवा मूल अमेरिकी नागरिक अथवा ग्रीन कार्डधारक असेल, तर त्याला माफी मागता येते. मात्र ती देणं न्यायाधीशाच्या मर्जीवर आहे. तो त्या माणसाचं पुढचं सगळं आयुष्य तोलतो: कामधंदा, कर, मुलंबाळं, वागणूक. अविवाहित म्हणून सांगितलेलं पहिलं खोटं त्याच्यापुढे असतंच. त्यावर नव्या तारखेचा बनावट दाखला येऊन पडला की पारडं कुठे झुकेल, ते तूच सांग.

व्हिसासाठी किंवा नव्यानं ग्रीन कार्डासाठी अर्ज करणाऱ्याला माफीची वाट वेगळी आहे आणि ती अरुंद आहे. तिथे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या नवऱ्याचे, बायकोचे किंवा आईवडिलांचे अतोनात हाल होतील हे सिद्ध करावं लागतं. मुलांचे हाल त्यात थेट धरत नाहीत. हे ऐकून अनेक आया माझ्यासमोर रडल्या आहेत.

एका खोट्याला मात्र ग्रीन कार्डाच्या वाटेवर जवळजवळ माफीच नाही. ते म्हणजे आपण अमेरिकी नागरिक आहोत असं सांगणं. १९९६ च्या सप्टेंबरअखेरीपासून हा नियम आहे. नोकरी लागताना भरायच्या आय-९ फॉर्मवर चुकीच्या चौकटीत खूण, ड्रायव्हिंग लायसन्स काढताना मतदार नोंदणीला दिलेला होकार, कॉलेजच्या आवारात टेबल टाकून बसलेल्या मुलांच्या कागदावर केलेली सही, अशा जागी हे घडतं. जॉर्जियातल्या एका भारतीय गृहस्थांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, ‘पटेल विरुद्ध गारलंड’. ते बेकायदा आले होते, पण २००७ मध्ये त्यांनी ग्रीन कार्डासाठी रीतसर अर्ज केला. २००८ मध्ये लायसन्सच्या फॉर्मवर त्यांनी नागरिक असल्याची चौकट भरली. त्यांचं म्हणणं, चुकून झालं. नागरिक नसतानाही लायसन्स मिळत होतंच, मग मी खोटं कशाला बोलू? इमिग्रेशन न्यायाधीशाला ते पटलं नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की अशा अर्जांत इमिग्रेशन न्यायाधीशानं वस्तुस्थिती काय ठरवली, ते केंद्रीय न्यायालयांनी तपासायचं नाही. एका चौकटीपायी प्रकरण कुठवर गेलं ते पाहा, आणि तुझ्या हातून अशी खूण कुठे झाली असेल तर आत्ताच आठव. मतदार यादीत नाव आहे का ते तपास. असेल तर ते काढायला धावण्याआधी वकिलाला विचार.

आपल्याकडच्या जन्मतारखांचंही सांगायला हवं. तुझ्या आजोबांची तारीख १ जून, त्यांच्या दोन्ही भावांची १ जून, अर्ध्या गावाची १ जून. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिली ती तारीख. यात फसवणूक कुणाचीच नव्हती. पण आईवडिलांना अमेरिकेत बोलावताना शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक तारीख, ग्रामपंचायतीच्या नोंदीत दुसरी आणि पासपोर्टावर तिसरी निघाली, की लोकांचे हातपाय गळतात आणि कुणीतरी ‘जुळवून देतो’ म्हणणारा भेटतो. त्याच्याकडे जाऊ नकोस. जन्माची नोंद नसेल तर नोंद उपलब्ध नसल्याचं प्रमाणपत्र घे, वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं जोड, आणि दोन तारखा का आहेत ते साध्या चार ओळींत लिहून दे. अधिकाऱ्यांनी भारतीय कागद भरपूर पाहिलेले असतात, १ जूनचं त्यांना नवल नाही. बनवलेला दाखला मात्र खऱ्या तारखेलाही खोटं पाडतो. बायकांच्या नावांचंही असंच. लग्नाआधीचं नाव, सासरचं नाव, मधलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. ‘इतर नावं’ विचारतात तिथे सगळी लिही.

व्हिसा पूर्वी नाकारला होता का, या प्रश्नाला सरळ ‘हो’ म्हणायचं. कागदपत्रं कमी म्हणून हिरवी किंवा पिवळी चिठ्ठी देऊन परत पाठवलं असलं, तरी त्यांच्या लेखी तो नकारच असतो. तुझ्या मावशीसारख्यांचा प्रश्न वेगळा. भावानं फार पूर्वी तिच्या नावानं ग्रीन कार्डासाठी अर्ज करून ठेवला आहे आणि आता तिला नुसतं नातवंडं बघायला टुरिस्ट व्हिसावर यायचं आहे. ‘तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट पिटिशन भरलं आहे का’ याला नाही म्हणायचा मोह होतो. खरं सांगितलं तर फार तर या खेपेला व्हिसा मिळणार नाही. खोटं सापडलं तर भावानं ज्या रांगेत तिला उभं केलं, ती सगळी रांगच वाया जाईल.

‘इतक्या जुन्या गोष्टी कोण बघतंय’ असं तुझे मित्र म्हणतील. १९९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर एक माणूस कागदपत्रांविना उतरला, एक नाव सांगितलं, सुनावणीला गेला नाही, आणि त्याला बाहेर काढण्याचा हुकूम झाला. काही आठवड्यांनी त्यानं दुसऱ्या नावानं आश्रय मागितला. पुढे अमेरिकी नागरिकाशी लग्न केलं आणि २००६ मध्ये स्वतः नागरिक झाला. त्या काळच्या बोटांच्या ठशांची कार्डं कागदावर होती. ती संगणकात चढवल्यावर दोन्ही नावं एकाच माणसाची निघाली आणि २०१८ च्या जानेवारीत न्यायालयानं त्याचं नागरिकत्व काढून घेतलं. नागरिकत्व काढून घेण्याच्या दिवाणी दाव्याला तिथे मुदतीची मर्यादा नाही.

दुसरी बाजूही आहे. २०१७ च्या मास्लेन्याक खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की खोट्याबद्दलच्या फौजदारी शिक्षेपोटी कुणाचं नागरिकत्व काढायचं असेल, तर त्या खोट्याचा नागरिकत्व मिळण्यात काही वाटा असायला हवा. लाजेपोटी लपवलेली कोणतीही फुटकळ गोष्ट पुरणार नाही. पण अर्ज अजून चालू असताना गणित उलटं आहे. मुलाखत शपथेवर होते, आणि १९८८ सालच्या एका निकालानुसार फायदा मिळवण्याच्या हेतूनं शपथेवर तोंडी बोललेलं खोटं क्षुल्लक गोष्टीबद्दल असलं, तरी त्यानं चांगल्या वर्तणुकीची अट मोडते. म्हणून मुलाखतीत अडचणीचा प्रश्न आला तर घाईनं ‘नाही’ म्हणू नकोस. आठवत नसेल तर आठवत नाही असंच सांग. एखादं उत्तर चुकीचं गेलं असं वाटलं, तर त्याच बैठकीत, त्यांनी पकडण्याआधी, आपणहून दुरुस्त कर. वेळेवर आपणहून मागे घेतलेलं विधान विरोधात धरत नाहीत; पकडल्यावर दिलेल्या कबुलीला ती सवलत नाही.

तुझ्या धाकट्या भावाला कॅनडाला जायचं आहे ना? त्याचा अमेरिकेचा व्हिसा मुंबईत नाकारला गेला होता. कॅनडाच्या अर्जात ‘कोणत्याही देशानं व्हिसा नाकारला का’ असं विचारतात, आणि अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड हे देश ठशांवरून एकमेकांना माहिती देतात. कॅनडात खोट्या माहितीची शिक्षा पाच वर्षांची बंदी आहे, ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत. कॅनडात कायमचं राहायला जाताना जोडीदार किंवा मूल लपवलं, तर पुढे त्यांना आणणं फार कठीण होतं. २०२३ मध्ये कॉलेजप्रवेशाच्या बनावट पत्रांवर गेलेल्या पंजाबी मुलामुलींना हद्दपारीच्या नोटिसा आल्या. त्यातल्या अनेकांना पत्र बनावट आहे हे माहीतही नव्हतं. त्याला सांग, प्रवेशाचं पत्र एजंटकडून आलं तरी कॉलेजला स्वतः ईमेल करून विचार.

आता तुझ्यापुरतं. तुझ्या पहिल्या नोकरीचं अनुभवपत्र कसं आलं होतं, ते तू मला कधी सांगितलं नाहीस आणि मीही विचारत नाही. मला सांगू नकोस, मित्रांना सांगू नकोस, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर मुळीच विचारू नकोस. माहितीच्या अधिकाराखाली तुझी इमिग्रेशनची फाईल मागव. अर्ज ऑनलाइन करता येतो, वेळ लागतो, पण येते. जुन्या डीएस-१६० च्या प्रती असतील तर काढून ठेव. मग इमिग्रेशनचाच वकील गाठ, फॉर्म भरून देणारा दुकानदार नको. त्याला पहिल्याच भेटीत सगळं सांग. तो ते गुप्त ठेवायला बांधील आहे, पण तुझ्या वतीनं जाणूनबुजून खोटं लिहायला बांधील नाही. लिहून देतो म्हणाला तर उठून ये. फाईल त्याच्या नजरेखालून जाईपर्यंत एन-४०० पाठवू नकोस. आणि दिवाळीला घरी यायचं तिकीटही तोवर काढू नकोस, कारण परतताना विमानतळावर तुझी चौकशी नव्यानं होऊ शकते. वहिनीला मी समजावते, या दिवाळीला तू आला नाहीस तरी चालेल.